आधी पाते, मग पक्कड

उत्रोलीची बैठक सकाळी १० वाजता ठरली होती. ती सुरू व्हायला साडेअकरा वाजले. उशीर पुढाऱ्यांमुळे झाला नाही, एका बैलामुळे झाला.

भोरजवळचे हे गाव. पारावर माणसे जमत होती, तेवढ्यात मागच्या आळीतून ओरडा ऐकू आला. गोठ्यातला बैल घसरून पडला होता. त्याची मान दाव्यात पिळली गेली होती आणि नायलॉनचे दावे त्याच्याच वजनाने गळ्याभोवती आवळत चालले होते. जुने अंबाडीचे दावे असते तर कदाचित तुटले असते. नायलॉन तुटत नाही, आणि ओढ बसलेली गाठ सुटत नाही. आम्ही वीसेक माणसे धावलो. विसांच्या खिशांत मिळून पंधरा मोबाइल निघाले असते. कामाचे पाते एकाच्याही खिशात नव्हते.

एकाने घरातून कोयता आणला. पण गळ्याशी कोयत्याचा घाव घालायचा कसा? मग एका तरुण कार्यकर्त्याने कमरेच्या पाकिटातून आपले ‘अकरा कामांचे’ हत्यार काढले. जत्रेत घेतलेले. पक्कड, कानस, करवत, दोन पेचकस, बाटली उघडायची कडी, आणि कुठेतरी कोपऱ्यात एक पाते. पात्याने दावे घासले, कापले नाही. त्याने जोर लावला तेव्हा पाते मिटले ते त्याच्याच बोटावर. इकडे बैलाने डोळे पांढरे केले होते. इतक्यात शेजारची आजी बांधावरून गवताचा भारा घेऊन आली. भारा खाली टाकला, “आरं, सरा बाजूला,” म्हणाली, विळ्याचे टोक मान आणि दावे यांच्यामध्ये सरकवले, पाठ बैलाकडे, धार आपल्याकडे, आणि एकच ओढ दिली. दावे तुटले. बैल वाचला. तरुणाच्या बोटाला भोरला नेऊन तीन टाके घालावे लागले.

बैठक संपता संपता त्याच तरुणाने हात वर केला. हाताला पट्टी होती. म्हणाला, “भाऊ, बाजारभावाचं बोलून झालं. आता एवढं सांगा, आमच्या खिशाला परवडेल असं, चांगल्या पात्याचं बहुकामी हत्यार घ्यायचं तर कोणतं घ्यावं?” लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. ट्रॅक्टरच्या कर्जावर आपण तासन्‌तास बोलतो. जे हत्यार दिवसात वीस वेळा हातात येते त्यावर कोणी बोलत नाही. म्हणून या अंकाचे पहिले पान त्या प्रश्नाला दिले आहे.

दात हे हत्यार नव्हे

कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू शेतात दिवसभरात काय काय कापावे लागते ते मोजून बघा. बियाण्याची पिशवी, खताच्या गोणीची शिवण, सुतळी, दावे, कासरा, ठिबकची नळी, फवारणी पंपाचा फाटका पाइप, मोटारीच्या वायरीचे वेष्टण, वाकलेले ज्वारीचे ताट, बांधावरची आडवी फांदी, पायात रुतलेला बाभळीचा काटा. यातली निम्मी कामे आपण दाताने, नखाने, नाहीतर दगडाने उरकतो.

औषधाच्या बाटलीचे झाकणाखालचे पापुद्र्यासारखे सीलही अनेकजण दाताने फोडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. औषधांचे मिश्रण, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, अंगावर कसलेही संरक्षण नसणे. त्या यादीत दाताने उघडलेली बाटली होती की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण विष तोंडाजवळ नेण्याचा हा रस्ता तरी आपल्याच हाताने बंद करता येतो. त्यासाठी पाते लागते. आणि लगेच दुसरी गोष्ट: ज्या पात्याने औषधाची बाटली उघडली त्याच पात्याने दुपारी कांदा चिरायचा नाही. औषधाच्या कामाला जुने, मोडके, वेगळे पाते ठेवा. ते पंपाजवळच राहू द्या. घरात आणू नका.

शिपायाचे हत्यार, शेतकऱ्याचे हत्यार

एका मुठीत अनेक हत्यारे बसवण्याची कल्पना शेतातून आली नाही, फौजेतून आली. स्वित्झर्लंडच्या सैन्याला नव्या बंदुकीचे स्क्रू उघडता यावेत, डबा फोडता यावा आणि भाकरीही कापता यावी, असा एकच चाकू हवा होता. १८९१ साली कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने तो पुरवायला सुरुवात केली. त्या पहिल्या चाकूत चारच गोष्टी होत्या: पाते, टोच्या, डबा फोडणी आणि पेचकस. अकरा नव्हे, चार. त्याच घराण्याच्या कारखान्यात पुढे ‘फार्मर’ म्हणजे शेतकरी या नावाचाही एक चाकू निघाला. त्यात मोठे पाते आणि फांदी कापायची करवत आली. नावाला तरी शेतकऱ्याची आठवण कुणाला झाली!

पक्कड असलेल्या हत्याराची गोष्ट पुढची. टिम लेदरमन हा अमेरिकन गृहस्थ १९७५ साली जुनी मोटार घेऊन युरोपात फिरत होता. मोटार वारंवार बिघडे, मुक्कामाच्या खोलीतले नळ गळत, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. घरी येऊन त्याने ती बसवली. गिऱ्हाईक मिळायला १९८३ साल उजाडले. म्हणजे हे हत्यार मुळात वाटेत अडकलेल्या प्रवाशाचे आहे. ज्याच्याजवळ दुसरे काहीच नाही, त्याच्यासाठी ते वरदान. ज्याच्या घरी पक्कड, पाना आणि पेचकस आधीच खुंटीला आहेत, त्याने ते दुसऱ्यांदा विकत घ्यावे का, याचा हिशेब त्याने स्वतः करावा.

फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या पोराने अगदी उलटे केले. एक लाकडी मूठ, एक पोलादी पाते, बस्स. १९५५ साली त्यावर एक फिरते कडे आले, ते फिरवले की पाते आपोआप मिटत नाही. तिकडचा गवळी, द्राक्षवाला, मेंढपाळ हाच चाकू वापरत आला. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या चंचीत अडकित्ता आणि लहानसा चाकू असे, तो याच जातीचा. एक काम, पण नेमके.

आपल्या पऱ्हाटी उपटायच्या चिमट्याकडे बघा. त्याला दुसरे काहीही येत नाही. पण तेवढ्या एका कामासाठी कंबर वाचते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी ‘वैभव’ विळा घ्या. वजनाला हलका, भाता-गवताच्या कापणीला चपळ, सारखी धार लावायला नको. असल्या अवजारांनी शेतकऱ्याचे जेवढे भले केले तेवढे अकरा कामांच्या चकचकीत पाकिटांनी केलेले नाही.

पारख कशी करावी

दुकानदार हत्यार उघडून दाखवतो ते मोरासारखे पिसारा फुलवून. आपण पिसे मोजायची नाहीत. पुढच्या गोष्टी बघायच्या.

१. आधी पाते. बाकीची दहा हत्यारे मिटवून ठेवा आणि फक्त पाते हातात घ्या. अर्धा हात सुतळी आणि जुन्या नायलॉन दोराचा तुकडा घरूनच न्या. सुतळी एका ओढीत तुटली पाहिजे. नायलॉनला दोन-तीन ओढी लागल्या तर चालेल. घासत बसावे लागले तर हत्यार परत द्या.

२. कानस. पात्याच्या टाचेजवळ, जिथे धार नाही तिथे, बारीक कानस हलकेच ओढा. कानस घसरली तर पाते कडक. लोणी कापल्यासारखी रुतली तर पाते नरम, त्यावर धार टिकणार नाही. दुकानदार कानस लावू देत नसेल तर समजायचे ते समजा.

३. ‘स्टेनलेस’ या शिक्क्याला भुलू नका. स्टेनलेस म्हणजे गंज कमी, एवढेच. ताटवाटीचे स्टेनलेस कितीही तापवून विझवले तरी कडक होत नाही. चाकूचे स्टेनलेस वेगळे, त्यात कार्बन जास्त असावा लागतो. जत्रेतल्या बऱ्याच हत्यारांवर शिक्का एक आणि आत धातू दुसराच असतो.

४. खटका. पाते उघडून त्याची पाठ लाकडावर दोन-चार वेळा हळूच आपटा. बोटे वाटेत ठेवू नका. पाते मिटले तर ते हत्यार फुकटही घेऊ नका. उत्रोलीतल्या बोटाचे तीन टाके याच एका परीक्षेने वाचले असते.

५. लडबड. पाते आडवे हलवून बघा. नवे असतानाच रिबिटात खेळ असेल तर एका हंगामात ते खुळखुळ्यासारखे वाजेल.

६. पक्कड असेल तर तिचे जबडे उजेडाकडे धरून मिटा. टोके जुळली पाहिजेत. मग बारीक बांधणीची तार धरून पिळा. जबडे तिरके झाले तर ती पक्कड दाखवायचीच आहे.

७. मूठ. हात घामट करून, मातीने माखून धरा. दुकानात बसून हातात छान वाटणारी मूठ उन्हात घसरते. करवती, कानशींच्या कडा तळहातात टोचत असतील तर पाच मिनिटांच्या कामाने फोड येईल.

या परीक्षा पास झाल्या तर उरलेल्या हत्यारांत तुम्हाला काय लागते ते मोजा. आमच्या मते टोच्या आणि एक चपटा पेचकस एवढे पुरे. ज्याच्याकडे मोटार, ठिबक, पंप आहे त्याने पक्कड धरावी. बाटली उघडायची कडी कोणाच्या शेतात पिकते?

पैशाचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये हमीभाव जाहीर केला. हातात किती पडतात ते तुम्ही जाणता. पक्कड असलेले नावाजलेले परदेशी हत्यार घ्यायचे तर क्विंटलभर कापूस तरी तागडीत टाकावा लागतो. ते हत्यार चांगले असते, खोटे कशाला बोला. पण हरवले तर क्विंटलभर कापूस हरवला.

आमचा सल्ला असा. तीन वाटा आहेत. पहिली वाट स्वस्त आणि बहुतेकांना पुरणारी: लोहाराकडून घडवलेला एक चाकू, आणि जोडीला हार्डवेअरच्या दुकानातली साधी पण खरी पक्कड. दोन्ही मिळून एका कापडी पिशवीत बसतात, आणि एक बिघडले तर दुसरे बिघडत नाही. दुसरी वाट: एक पाते, एक टोच्या, एक पेचकस असा मिटता चाकू, खटक्याची परीक्षा करून घेतलेला. तिसरी वाट पक्कडवाल्या बहुकामी हत्याराची. ज्याला रोज मोटरसायकलवर पाच शेते, तीन विहिरी फिराव्या लागतात त्याने ती धरावी, पण जत्रेत नव्हे, आणि बिल घेऊन.

लोहाराकडे जाताना भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा मागा. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, त्यामुळे ते कडक होते. बांधकामाच्या साध्या सळईला कितीही ठोका, तिची धार टिकत नाही. पाणी देताना उभे राहून बघा. चांगला कारागीर पाटा पाण्यात झटकन बुडवत नाही, तेलात विझवतो, नाहीतर तडा जातो. मग पाते पुन्हा मंद तापवतो. त्यावर गवतासारखा पिवळसर रंग चढला की थांबतो. रंग निळ्यावर गेला तर पाते नरम पडते. हे ज्ञान पुस्तकातले नाही, बलुत्याच्या काळापासून लोहाराच्या हातातले आहे. पालावरच्या घिसाडी बाईच्या घणातही ते आहे. शिकलेल्या माणसांनी त्याला तंत्रज्ञान म्हटले नाही, एवढेच.

धार हीच खरी मालकी

घेतलेला चाकू सहा महिन्यांत बोथट होतो आणि आपण म्हणतो, माल खराब. निम्म्या वेळा माल नव्हे, आपण खराब असतो. दगड ओला करा. पाते आडवे ठेवून त्याची पाठ पेन्सिलीच्या जाडीइतकी उचला आणि तोच कोन धरून, दगडाचा पातळ पापुद्रा काढल्यासारखे पुढे ढकला. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा, मग पाच-पाच, मग एक-एक. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा. विजेच्या ग्राइंडरवर ठिणग्या उडवत धार लावणाऱ्यापासून सावध राहा. पात्याची कड निळी पडली की पाणी उतरले, मग ती धार दोन दिवसांची. काम झाले की पुसा, गोडेतेलाचे बोट फिरवा. कपाशीच्या हंगामातला घाम पोलाद खातो.

साडीला खिसा नसतो

आता त्या आजीकडे वळू. गावातल्या वीस पुरुषांना जे जमले नाही ते तिला जमले, कारण धार लावलेले हत्यार तिच्या हातात होते. ते तिच्या रोजच्या कामाचे होते आणि तिने ते सकाळीच दगडावर पाजळले होते. खुरपणी बाईची, वेचणी बाईची, कणसे खुडणे बाईचे, वैरण बाईची. मग चाकू घ्यायची वेळ आली की तो पुरुषाच्या खिशातच का जातो? कारण साडीला खिसा नसतो. दुकानात टांगलेले एकही हत्यार बाईच्या कमरेचा विचार करून बनवलेले नाही. आमची सूचना साधी आहे: चाकूच्या मुठीला भोक किंवा कडी असेल तोच घ्या, तिच्यात गोफ ओवता येतो. आणि एक घ्यायचा असेल तर आधी तिचा घ्या. पुरुषाला वाण्याकडे उभे राहून पारखायला वेळ मिळतो. तिला तो वेळ मिळत नाही, म्हणून तिच्यासाठी पारख आणखी काटेकोर हवी.

विळा माफ, चाकू गुन्हेगार

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा शेतीची हात-अवजारे करातून सोडली गेली. विळा, फावडे, कुदळ, कुऱ्हाड, फांद्या छाटायची कात्रीसुद्धा. सरकारचे उपकार! पण चाकूला मात्र दुसऱ्या कप्प्यात टाकले, आणि त्या कप्प्यात छाटणीचा चाकूही नाव घेऊन घातला. त्यावर १२ टक्के कर होता. १८ जुलै २०२२ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे झाडाची फांदी कात्रीने छाटली तर तुम्ही शेतकरी, चाकूने छाटली तर तुम्ही चैन करणारे गिऱ्हाईक. बाजूच्याच ओळीत चमचे आणि काटे आहेत.

लोहाराची गत याहून वेगळी नाही. त्याची उलाढाल ४० लाखांच्या खूप आत, म्हणून त्याच्या बिलावर कर नाही. पण पट्टी, कोळसा, चाक घेताना जो कर तो भरतो तो त्याला परत मिळत नाही. तो किमतीत मुरतो आणि शेवटी आपल्याकडूनच वसूल होतो. आमचे म्हणणे भीक मागायचे नाही. शेतात वापरायच्या कलमाच्या, छाटणीच्या, कामाच्या चाकूला विळ्याच्या रांगेत बसवा, एवढेच. ही मागणी तालुक्याच्या बैठकीत ठराव करून पुढे पाठवावी.

कायद्याचे दोन शब्द. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आपल्या कामाला ३-४ इंचांचे पाते पुरते, त्यामुळे त्या वादात पडायचेच कारण नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीबरोबर हत्यारबंदीचेही हुकूम निघतात. तेव्हा खिशात विसरलेला शेतातला चाकूसुद्धा कार्यकर्त्याला कोठडी दाखवू शकतो, आणि मग दुसऱ्या दिवशी बातमी भावाची होत नाही, चाकूची होते.

म्हणून भावांनो आणि मायबहिणींनो, उत्रोलीच्या त्या तरुणाला आणि तुम्हा सर्वांना आमचे उत्तर हे: आधी पाते, मग खटका, मग पक्कड, सगळ्यात शेवटी शिक्का. शेतात जाताना धारेचा चाकू जवळ असू द्या. जिल्ह्याच्या बैठकीला येताना तो घरी खुंटीला ठेवा आणि हंगामाच्या खर्चाची वही बरोबर आणा.